दोघांना काय बांधून ठेवतं, ते आधी ठरवा

नवरा-बायकोच्या दुराव्यावर कथा लिहायला घेतली की बहुतेकजण भांडणापासून सुरुवात करतात. पहिल्या पानावर आवाज चढतो, दुसऱ्या पानावर लग्नानंतरचे सुखाचे दिवस आठवतात, शेवटच्या पानावर कुणीतरी बॅग भरतं. संवाद चटपटीत असतात, भाषा स्वच्छ असते, तरी वाचून हाताला काही लागत नाही. कारण तिसऱ्या परिच्छेदातच वाचकाला प्रश्न पडलेला असतो की एवढं पटत नाही तर ही दोघं अजून एका घरात का आहेत? त्याचं उत्तर कथेत नसतं. बरेचदा ते लेखकानेही शोधलेलं नसतं.

म्हणून भांडण कशावरून होतं हे ठरवण्याआधी, दोघांना एकत्र कशाने बांधून ठेवलंय ते ठरवावं. ‘प्रेम’, ‘मुलं’, ‘लोक काय म्हणतील’ ही उत्तरं फार ढोबळ आहेत. बंधन रुपयांत, दिवसांत, किलोत किंवा सह्यांत मांडता आलं पाहिजे. तसं मांडलं की भांडणाचे विषय आपोआप सुचतात, आणि घर सोडून जाण्याला वजन येतं.

एक जोडपं कल्पून बघू. मेघना आणि सुहास. पुण्याजवळ वाकडला दोन बेडरूमचा फ्लॅट, लग्नाला पाच वर्षं, मूल नाही. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर. कर्ज ४५ लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो सुमारे ३९ हजार. सुहासच्या हातात महिन्याला ६० हजार येतात, मेघनाच्या ५२ हजार. दोघांपैकी जो बाहेर पडेल तो १८ हजारांचं भाडं भरून, वर आपण राहत नसलेल्या घराचे साडेएकोणीस हजार भरत राहील. त्याने ते भरणं थांबवलं तर मागे राहणाऱ्यावर पूर्ण ३९ हजार येतील, आणि बँक दोघांनाही सारखंच जबाबदार धरेल. म्हणजे जो आधी दाराबाहेर पाऊल टाकेल त्याचं नुकसान. ही गोष्ट दोघांना ठाऊक आहे आणि दोघंही ती बोलून दाखवत नाहीत. कथा इथे सुरू होते.

याच हिशेबात आणखी एक आकडा दडलेला आहे. पहिल्या हप्त्यातले ३१ हजार ८७५ रुपये व्याजात जातात, मुद्दल फिटतं सात हजार आणि वर थोडं. तीन वर्षांत दोघांनी मिळून १४ लाखांहून जास्त भरले, आणि मुद्दल कमी झालं जेमतेम २ लाख ९३ हजारांनी. शनिवारी सकाळी दोघं मोबाइलवर कर्जाचं विवरण उघडतात, तेव्हा त्यांच्यासमोर ही रक्कम येते. घर विकून मोकळं व्हायचं म्हटलं तरी हाती काय येणार ते त्या पडद्यावर लिहिलेलं असतं. अशा प्रसंगात ‘आपण आपली वर्षं वाया घालवली’ असं वाक्य पात्राच्या तोंडी घालायची गरज उरत नाही. घातलंत तर तो प्रसंग तिथेच ढासळतो.

कोर्टाची बाजू

दुराव्याच्या कथांमध्ये सगळ्यात जास्त चुका कोर्टात होतात. न्यायाधीश एका तारखेत घटस्फोट देतात, बायको पिंजऱ्यात उभी राहून ओरडते, वकील टेबलावर मूठ आपटतात. कौटुंबिक न्यायालयात असं काही घडत नाही, आणि जे घडतं ते कथेसाठी जास्त उपयोगाचं आहे.

हिंदू विवाह कायदा १९५५चा. संमतीने घटस्फोटाचं कलम १३-ब त्यात १९७६ साली आलं. अर्ज दोघांचा मिळून असतो. त्यात सांगावं लागतं की आम्ही एक वर्ष किंवा जास्त काळ वेगळे राहत आहोत, एकत्र राहू शकलेलो नाही, आणि लग्न संपवायचं असं आमचं ठरलं आहे. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिने थांबायचं आणि १८ महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा कोर्टासमोर यायचं. सहा महिन्यांची ही अट बंधनकारक नाही, परिस्थिती पाहून कोर्ट ती माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे कथा २०१७च्या आधीची की नंतरची, हे लेखकाला माहीत असायला हवं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत सहसा अर्जच करता येत नाही. ‘तीन महिन्यांत लग्न मोडलं आणि चौथ्या महिन्यात घटस्फोट मिळाला’ हे वाक्य कथेत आलं की जाणकार वाचक तिथेच थांबतो.

आता यातल्या दोन तरतुदी बघा. पहिली अशी की ‘वेगळं राहणं’ म्हणजे वेगळ्या छपराखाली राहणं असं नाही. नवरा-बायको म्हणून न राहणं, असा त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली लावला. एकाच फ्लॅटमध्ये राहूनही दोघं कायद्याने वेगळी असू शकतात. मेघना आणि सुहासला हीच वाट मोकळी आहे: हप्ता चालू ठेवायचा, घर सोडायचं नाही, आणि तरी वर्षभर ‘वेगळं’ राहायचं. मग ते वेगळेपण घरात कसं पाळलं जातं? फ्रिजचे कप्पे वाटले जातात. चहा दोनदा होतो. बाथरूममधल्या टूथपेस्टच्या ट्यूब दोन होतात. ही कथा एखाद्या मोठ्या भांडणापेक्षा कितीतरी जास्त टोचते, कारण यातला प्रत्येक नियम दोघांनी शांतपणे बसून ठरवलेला असतो.

दुसरी तरतूद अशी की हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणजे त्या मधल्या सहा महिन्यांत प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचं सुटणं असतं. कथाकाराला याहून काय हवं? दुसऱ्या तारखेला न्यायाधीश विचारतात की हे स्वखुशीने करताय का, कुणाची जबरदस्ती नाही ना. उत्तर एका शब्दाचं असतं. पण नावाचा पुकारा होण्याआधी दोघं ज्या बाकावर बसलेली असतात तिथे दीड-दोन तास जातात. बाहेर चहा मिळतो. एकाच्या मोबाइलची बॅटरी संपते आणि दुसऱ्याकडे चार्जर असतो. पूर्ण प्रसंग त्या बाकावर लिहा, आत फक्त चार ओळी. त्याआधी समुपदेशकाच्या खोलीतली भेटही असते, कारण समेटाचा प्रयत्न करणं हे १९८४च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालयाचं कामच आहे. दोघांपैकी एकानेही मागणी केली तरी सुनावणी बंद दाराआड होते. म्हणजे भरलेल्या कोर्टात अब्रू गेल्याचा प्रसंग बहुतेक वेळा खोटाच ठरतो.

कथा गोव्यात घडत असेल तर हे सगळं बदलतं. तिथे हिंदू विवाह कायदा लागू नाही, पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. घर विकायचं तर दोघांची सही लागते. दहा वर्षं एकमेकांशी न बोललेलं जोडपं एका सहीसाठी निबंधकाच्या टेबलाशी शेजारी बसतं, हा प्रसंग गोव्याच्या कथेत खरा आहे. तो उचलून जसाच्या तसा नाशिकला नेता येणार नाही.

घरातल्या वस्तू

सुहास शेवटी बाहेर पडला असं धरू. तरी सगळं तुटत नाही, आणि काय तुटत नाही ते लेखकाने शोधावं. गॅसचं कनेक्शन त्याच्या नावावर आहे. १४.२ किलोचा सिलेंडर मेघनाने नोंदवला तरी घरपोच देणाऱ्याला सांगायचा कोड सुहासच्या मोबाइलवर येतो. सिलेंडर दारात, माणूस जिन्यात उभा, आणि तिला फोन करावा लागतो. आधी तो फोन उचलून कोड सांगतो. पुढच्या वेळी नुसता मेसेज पाठवतो. त्यापुढच्या वेळी तिने विचारायच्या आधीच मेसेज येतो. या तीन सिलेंडरांत कथा सांगता येते. आणि घरात एकच माणूस असल्याने सिलेंडर पूर्वीपेक्षा जास्त दिवस पुरतो, म्हणजे दोन फोनमधलं अंतरही वाढत जातं. कनेक्शन नावावर करून घेण्याचा अर्ज तिने भरून ठेवलाय पण दिला नाही, एवढं दाखवलं की तिच्या मनाबद्दल वेगळं लिहावं लागत नाही.

तिसऱ्या माणसाचा साधा प्रश्न फार उपयोगी पडतो. पोळ्यांच्या मावशी सकाळी सहज विचारतात, ‘‘ताई, पोळ्या किती करू?’’ हा आकडा बदलला आहे, हे जगात पहिल्यांदा त्यांना कळतं. आईला, बहिणीला, ऑफिसात नंतर. शेजारणीचा प्रश्न येतो, ‘‘दादा गावाला गेलेत का?’’ त्यावर हो म्हणणं सोपं असतं, आणि एकदा हो म्हटलं की ते निभावत राहावं लागतं.

आपल्याकडे ‘माहेरी गेली आहे’ ही सोयही मोठी आहे. आठ दिवस कुणाला काही वाटत नाही. महिना झाला की चौकशी सुरू होते. दिवाळीचा पाडवा आला आणि ओवाळायला ती घरी नाही, की सगळ्यांना कळतं. म्हणून जोडप्याच्या कथेत काळ मोजायला महिन्यांची नावं नकोत, सण घ्या. वटपौर्णिमा, पाडवा, संक्रांतीचं हळदीकुंकू, यांतल्या प्रत्येकात बायकोची किंवा जोडीची जागा ठरलेली आहे, आणि रिकामी जागा चारचौघांत दिसते.

अशा प्रसंगांत मला सगळ्यात ताकदीचा वाटतो तो सत्यनारायण. धाकट्या दिराच्या नव्या घराची पूजा, आई म्हणते की थोरल्यांनी जोडीने बसायचं. वेगळं राहणाऱ्या दोघांना घरच्यांसाठी शेजारच्या पाटांवर बसावं लागतं. पळीतून पाणी सोडताना गुरुजी सांगतात, ‘‘ताई, यजमानांच्या हाताला हात लावा.’’ कित्येक महिन्यांनी झालेला तो पहिला स्पर्श असतो, आणि तो गुरुजींच्या सांगण्यावरून, मंत्र संपेपर्यंत धरून ठेवायचा असतो. इथे काय वाटलं ते लिहू नका. पूजा किती वेळ चालली, पाटावर पाय कसे अवघडले, प्रसादाच्या शिऱ्यात केळं जास्त झालं होतं, हे लिहा. स्पर्शाची एक ओळ पुरते.

कोयता

शहरी फ्लॅटच्या पलीकडे आपल्याकडे एक असं जोडपं आहे ज्याचं बंधन कुठल्याही लग्नविधीपेक्षा घट्ट आहे, आणि त्याच्यावर अजून खूप लिहिलं जायला हवं असं मला मनापासून वाटतं. ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे एक जोडी, नवरा आणि बायको. एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. बीड, जालना, परभणी, पाथर्डी या पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. निघण्याआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, आणि ती जोडीवर मिळते. पोरीचं लग्न लहान वयात उरकण्यामागे कोयता पुरा करणं हेही एक कारण असतं. म्हणजे इथे लग्न आणि मजुरीचं एकक एकच आहे.

याचा हिशेब मांडून बघा. आकडे कथेपुरते धरलेले आहेत, पण जवळपासचे आहेत. उचल ८० हजार. जोडी दिवसाला दोन टन तोडते, टनाला ३५० रुपये, म्हणजे दिवसाचे ७०० रुपये. दीडशे दिवसांचा हंगाम धरला तर एक लाख पाच हजार होतात. आठवड्याला हजार रुपये खर्ची घेतली तर २१ आठवड्यांचे २१ हजार त्यातून जातात. उचल आणि खर्ची वजा जाता राहतात चार हजार, म्हणजे सहा दिवसांचंही काम नाही. बाई तापाने सहा दिवस कोपीत (झोपडीत) पडून राहिली आणि जोडीचं काम थांबलं की हिशेब उलटा फिरतो आणि बाकी पुढच्या वर्षावर जाते. खाड्याचा दंड असला तर तो वेगळा. ही जोडी भांडली तर जाणार कुठे? ती निघून गेली तर तो अर्धा कोयता होतो, पण उचल पूर्ण कोयत्याचीच फेडायची असते.

म्हणून या कथेत भांडण फडात, म्हणजे उसाच्या शेतात, उभं करायचं नाही. पहाटे तीन-चारला उठून भाकरी, मग फड, तोडणी, वाढे (उसाचे शेंडे) छाटणं, मोळी बांधणं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं. रात्री ट्रक आला तर रात्री भरणी. या दिवसात भांडायला वेळ आणि श्वास दोन्ही नाहीत. तिथे भांडण हातातून दिसतं. तो रागात मोळी जड बांधतो, ती काही न बोलता उचलते. पुढची ती अर्धीच उचलते आणि उरलेली तिथेच टाकते. ट्रकवाला ओरडतो तो दोघांवर मिळून.

बोलाचाली व्हायची जागा गावात, हंगामाआधी. उचल पावसाळ्यातच घेतली गेलेली असते, आणि ती घेताना बहुतेक वेळा बाईला विचारलेलं नसतं.

‘‘पैसं घेतलं?’’
‘‘घेतलं.’’
‘‘कवा?’’
‘‘आखाडात.’’
‘‘मला इचारलं?’’
‘‘तुला काय इचारायचं? कोयता काय माझ्या एकट्याचा हाय व्हय?’’
‘‘म्हनून तर इचारायचं व्हतं.’’

एवढंच पुरे. ती यंदा येणार नाही म्हणते. कारण काहीही असू शकतं: मुलगी दहावीला आहे, किंवा मागच्या वर्षी गर्भपात होऊन चौथ्या दिवशी ती फडात उभी होती. पैसे खर्च झालेत, पत्रे घातलेत किंवा दवाखान्याचं देणं दिलंय. कोयता नाकारणं म्हणजे लग्न नाकारणं, हे दोघांनाही कळतं आणि त्यासाठी एकही शब्द लागत नाही. नवऱ्याला खलनायक केलंत तर मात्र कथा हातची गेली. त्याची बाजू त्या ८० हजारांत आहे, ती खरी आहे. त्याने दारूत उडवले असं लिहिणं ही पळवाट आहे. त्याने ते घरावर खर्च केले असं लिहून मग त्याला चुकीचं ठरवता येतं का ते बघा.

या कथेच्या बोलीबद्दल एक सूचना. सगळी कथा बोलीत लिहायची तर ती आतून यावी लागते. येत नसेल तर निवेदन साध्या मराठीत ठेवा आणि बोली फक्त संवादात, तीही कमी. ‘हाय’, ‘न्हाई’ शिंपडून बोली होत नाही. उचल, खर्ची, फड, कोपी, वाढे, खाडा हे शब्द नेमक्या जागी आले की अर्धं काम होतं.

उलट दिशेची एक कथाही आहे, ती थोडक्यात सांगतो. मुंबईच्या गिरणीत काम करणारा कोकणातला चाकरमानी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात घरी यायचा. वर्षात मिळून एक महिना धरा. लग्नाला १५ वर्षं झाली तरी दोघं एकत्र राहिलेली असतात १५ महिने. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यांतले पुष्कळ गावाकडे परतले. इथे विरह संपतो आणि संघर्ष सुरू होतो. भाताचं कुठलं खाचर कधी लावायचं, गडी कुणाला बोलवायचा, हे १५ वर्षं ती ठरवत आलेली आहे. त्याला मिठाची बरणी कुठे असते ते माहीत नाही. मनीऑर्डरमुळे तो घरचा कर्ता होता, ती येणं थांबली आहे आणि माणूस मात्र दारात बसलेला आहे. सगळ्या गावाला वाटतं की तिचे चांगले दिवस आले.

भांडणाचा प्रसंग

भांडणाचा विषय आणि भांडणाचं कारण एक असू नये. विषय लहान आणि दिसणारा: सिलेंडर, ओला टॉवेल, आईला केलेला फोन. कारण त्याच्या खाली असतं आणि वाचकाला आधीच्या पानांवरून ते माहीत असतं. पात्रांनी कारणाचं नाव घेतलं की वाचकाला करायला काही उरत नाही. ‘आपल्यात आता काही उरलं नाही’, ‘तू बदललास’, ‘मला गृहीत धरलंस’ ही वाक्यं पहिल्या खर्ड्यात येतातच. ती काढून टाकायची आणि त्या जागी पात्राला हाताने करायला काहीतरी द्यायचं.

लांबी बारा ते पंधरा संवाद. त्यापुढे गेलं की वादविवाद स्पर्धा होते, दोघं मुद्दे मांडू लागतात. खऱ्या घरातलं भांडण मध्येच तुटतं, कुकरची शिट्टी होते, दारावर कुणी येतं. सासूबाईंचा फोन हा त्यातला सर्वांत चांगला व्यत्यय, कारण दोघं ताबडतोब गोड आवाजात बोलू लागतात आणि एकमेकांना पाठीशी घालतात. ‘‘हो आई, जेवलाय तो.’’ तो जेवलेला नसतो. फोन ठेवल्यावर भांडण पुन्हा सुरू करायचं की नाही, हा निर्णय म्हणजे त्या प्रसंगाचा कणा. शक्यतो सुरू करू नका.

संबोधनाकडे नीट लक्ष द्या, कारण मराठीत नातं तिथे लगेच दिसतं. ‘अहो’ म्हणणारी बायको भांडताना ‘तू’वर येत नाही, ती ‘अहो’ गाळते. शहरी जोडप्यात लाडाचं नाव जातं, मग पूर्ण नाव येतं, मग काहीच नाही. शेवटी उरतात ती संबोधनाशिवायची वाक्यं: ‘‘दूध आणलंय.’’ ‘‘किल्ली टेबलावर आहे.’’ मूल असेल तर निरोप त्याच्यामार्फत जातात, ‘‘बाबांना सांग, वाढलंय.’’ बाबा तिथेच तीन फुटांवर असतात. हा बदल कथेत हळूहळू घडवा. वाचकाच्या लक्षात न येता तो चौथ्या पानापर्यंत पूर्ण झाला पाहिजे.

दोघांचीही बाजू खरी असावी हे सगळेच सांगतात, ती तशी झाली आहे का हे तपासायची एक खात्रीची रीत आहे. मुख्य भांडण दुसऱ्याच्या बाजूने तीनशे शब्दांत पुन्हा लिहून काढा. कथेत वापरायचं नाही, फक्त लिहायचं. लिहिता आलं नाही, किंवा लिहिताना ते पात्र मूर्ख वाटलं, तर मूळ प्रसंग एकतर्फी आहे. बहुतेक वेळा त्या तीनशे शब्दांतली एक ओळ मूळ कथेत जाते आणि प्रसंग सरळ होतो.

भांडणांचं प्रमाणही जपून ठेवा. साडेतीन हजार शब्दांच्या कथेत मोठं भांडण एकच, आणि ते मध्याच्या थोडं आधी. त्यानंतर दोघं भांडत नाहीत, हीच वाढत जाणारी भीती असते. माणसं भांडतात तोवर त्यांना समोरच्याकडून काहीतरी हवं असतं. दुरावा दाखवायचा असेल तर उत्तरार्धात अशी एक जागा ठेवा जिथे भांडण व्हायलाच हवं होतं आणि झालं नाही. सुहास हप्त्याची तारीख विसरतो, दंड लागतो, मेघना स्वतःच्या खात्यातून भरून टाकते आणि त्याला सांगतही नाही. पूर्वी यावर तीन दिवस अबोला झाला असता.

बांधणीत पाच-सहा प्रसंग पुरतात. पहिल्या पाचशे शब्दांत बंधन दिसलं पाहिजे, आकड्यासकट. पूर्वस्मृतीला एकूण लांबीच्या पाचव्या भागापेक्षा जास्त जागा नको, आणि लग्नाचा मांडव, पहिली भेट, मधुचंद्र यांपैकी एकही नको. पूर्वस्मृती हवीच असेल तर दोघांनी मिळून केलेल्या एखाद्या कामाची घ्या, जे आता एकालाच करावं लागतं. पडदे लावायचा रॉड एकट्याने बसवता येत नाही, दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं.

आणि जे करू नये त्यात सगळ्यात वर मुलाचा ताप. किंवा अपघात, किंवा सासऱ्यांचं आजारपण, ज्यामुळे दोघं दवाखान्यात भेटतात आणि सगळं निवळतं. दोघांमधल्या प्रश्नाला बाहेरून आणलेलं उत्तर वाचक मानत नाही, त्याला माहीत असतं की डिस्चार्जनंतर तेच घर आहे. तुटलेलं मंगळसूत्र आणि सापडलेली चिठ्ठी हेही तसंच. तिसरी व्यक्ती आणायची तर पहिल्या पानापासून आणा, नवव्या पानावर गौप्यस्फोट म्हणून नको.

शेवट करताना एकत्र आली की वेगळी झाली याचा विचार सोडा, आणि सुरुवातीला ठरवलेल्या बंधनाचं काय झालं ते बघा. सिलेंडरच्या कथेत अर्ज दिला जातो की ड्रॉवरमध्येच राहतो. फ्लॅटच्या कथेत संमती मागे घेतली जाते की नाही. ऊसतोडीच्या कथेत तीन शेवट दिसतात. ती मुकाट्याने ट्रकमध्ये चढते. हा खरा आहे पण त्यात तिचं भांडण वाया जातं. ती गावी राहते आणि तो भावाला जोडीला घेऊन जातो. हाही शक्य आहे, मात्र ८० हजारांचं ओझं नव्या जोडीवर कसं वाटलं गेलं ते दाखवावं लागेल, नाहीतर बंधन खोटं होतं. तिसऱ्यात ती जायला तयार होते, पण मुकादमाला सांगते की पुढच्या सालची उचल माझ्या हातात द्यायची आणि वहीत नाव माझं लिहायचं. मला हा तिसरा सगळ्यात भरीव वाटतो, कारण बंधन तसंच राहून त्याची दुसरी बाजू तिच्या हातात येते, आणि नवऱ्याने त्यावर काय करावं हे खरोखरच अवघड होऊन बसतं. मुकादम लिहितो की हसतो, हे कथेत आलं नाही तरी चालेल. लेखकाने मात्र ते ठरवलेलं असावं, कारण नवऱ्याचं शेवटचं वाक्य त्यावर अवलंबून आहे.